न सापडलेल्यांची मोजणी

पुंडलिकरावांनी छपरीच्या सावलीतली ओल्या गोणपाटाची वळकटी उचलून मध्ये आणली आणि तिचा दोर सोडला, तेव्हा अंजू चौकटीला टेकून चहा पीत होती. तिचे लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. दुपारी तिची सुनावणी होती. सुनावणी हा शब्द तिचाच. विद्यापीठात त्याला मीटिंग म्हणत. पण जिथे आपण दोन वर्षे केलेले काम अनोळखी माणसे उलटसुलट करून पाहतात आणि शेवटी हो किंवा नाही म्हणतात, त्या प्रकाराला मीटिंग म्हणणे तिच्या जिवावर येई.

गोणपाट उलगडले. ओळीने मांडलेल्या सोयाबीनच्या शंभर दाण्यांतले बहुतेक सगळे फुटले होते. पांढरे, भरदार कोंब अंगठ्याएवढे लांब झाले होते. पुंडलिकरावांनी एकेका ओळीवरून बोट फिरवले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पाह्य वो, अंजूची माय," त्यांनी आत आवाज दिला, "मांगच्या सालचा भिजला माल, याचं बियानं काय उगवते म्हून लोकं नाक मुरडून राह्यले होते. दोन-चार फसले, बस. कंपनीच्या थैलीत नाई भेटत असं."

"मंग नत्थूजीले देता का?" देवकाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

"देतो ना. दोन कट्टे म्हनलं होतं, उगवन पाहून देतो म्हनलं होतं. एक तं तो आजच सांजच्या गाडीनं सेलूच्या लेकीकडे धाडनार हाये."

बियाण्याची ती दोन पोती मोटारसायकलला बांधून पुंडलिकराव नत्थूजींकडे निघूनही गेले. अंजू मात्र त्या कोंबांकडे पाहत तशीच उभी राहिली. ती ज्या विद्येत वाढली होती, त्या विद्येत एखादी गोष्ट फार नीट आली की माणसे आधी घाबरतात आणि मग, जमल्यास, आनंदतात.

ही विद्या कोणती, हे अल्लीपुरात कोणालाच नीट सांगता येत नसे. गावातली शाळा, हिंगणघाटचे कॉलेज, नागपूरची एम.एस्सी. इथपर्यंत सारे सरळ होते. पुढे ती संशोधनाला लागली आणि पुंडलिकरावांची पंचाईत झाली. पारावर कोणी विचारले, "तुमची पोरगी काय करते?" की ते म्हणत, "मोजते." "काय मोजते?" "जे दिसत नाई ते." त्यावर नत्थूजींनी एकदा शांतपणे विचारले होते, "मंग पगारबी दिसत नसन?" हा प्रश्न गावात पुढे बरेच दिवस फिरत होता.

खरे पाहता पुंडलिकरावांचे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीच्या पोटात, एका प्रचंड वर्तुळात प्रोटॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवून एकमेकांवर आदळवले जातात. त्या टकरीत अनेक नवे कण जन्मतात. त्यांतल्या लॅम्डा नावाच्या एका कणाची मोजणी अंजूकडे होती. हा कण जेमतेम काही बोटे अंतर जातो आणि फुटून त्याचे दोन तुकडे होतात. लॅम्डा स्वतः दिसत नाही, त्या दोन तुकड्यांच्या रेघा तेवढ्या दिसतात. पोरांच्या हातातल्या बेचकीसारखी ती खूण. अशा बेचक्या शोधायच्या, त्या मोजायच्या, आणि मंद चालीचे लॅम्डा किती, वेगाचे किती, ते मांडायचे.

त्यात मेख अशी, की कण टिपणारे यंत्र कितीही मोठे असले तरी त्याला सगळे सापडत नाहीत. मग न सापडलेल्यांचा हिशेब लावायचा कसा? त्यासाठी संगणकात खोट्या टकरी घडवतात. तिथे किती लॅम्डा घातले ते पक्के ठाऊक असते. संगणकातल्याच यंत्राने त्यांतले किती शोधले ते पाहायचे. शंभर घातले आणि वीस सापडले, तर खऱ्या टकरींतही सापडलेल्या दर विसांमागे शंभर होते असे धरायचे. सोयाबीनची उगवण तपासून एकरी बियाणे ठरवतात, त्यातलाच हा प्रकार.

या हिशेबातून अंजूच्या आलेखात एक खळगा निघाला होता. मंद चालीचे लॅम्डा अपेक्षेपेक्षा कमी भरत होते. पूर्वीच्या कोणत्याही प्रयोगात तो नव्हता, सिद्धान्तातही नव्हता. तिचे मार्गदर्शक चंद्रभान सर तो पाहून आधी गप्प झाले, मग त्यांनी तिला तीन वेळा सगळे पुन्हा करायला लावले, आणि तिसऱ्या वेळीही खळगा तसाच आला तेव्हा तिला स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली. आज दुपारी प्रयोगाच्या आंतरराष्ट्रीय गटाने मंजुरी दिली, तर हा आलेख घेऊन ती पावसाळ्यानंतर युरोपातल्या परिषदेत उभी राहणार होती. तिची शिष्यवृत्ती दिवाळीला संपत होती. परिषदेतल्या त्या भाषणातून पुढची जागा मिळण्याचा रस्ता होता. भाषण हुकले, तर आर्वीच्या एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणे, एवढेच हाती उरत होते.

कप ठेवायला ती आत गेली. देवकाबाई ताटात तुरीची डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या. बोटे आपोआप चालत होती. खडा दिसला की ताटाच्या कडेला जात होता.

"आई, हे शंभर दाने पोत्यातून कोन काढले?"

"मी. काऊन?"

"कसे काढले?"

"कसे म्हंजे? दोन मुठी सुपात घेतल्या, पाखडल्या, निवडल्या. फुटके, सुरकुतलेले, काळ्या डागाचे बाजूले केले. कृषी सहायक येऊन पाहनार, फोटो काढनार म्हने. त्याच्यापुढे का भंगार मांडू? अन् निवडल्याबिगर मी जन्मात कायी भिजत घातलं नाई."

अंजूला हसू आले. "अवो, पन पेरतानी तं बाबा पोत्यातलं सारंच पेरतीन ना. डागी बी, सुरकुतलेलं बी."

देवकाबाईंची बोटे डाळीवर थांबली. "म्हंजे ते उगवलेलं खोटं?"

"खोटं नाई. तू निवडले तेच उगवले. बाकीच्याईचं काय, ते कोनालेच मालूम नाई."

हे वाक्य तिने आईला समजावण्यासाठी उच्चारले आणि उच्चारताच तिचे हसू मावळले. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

खोट्या टकरींची जी फाईल ती दोन वर्षे वापरत होती, ती तिने स्वतः केलेली नव्हती. तिच्या आधी त्याच खोलीत बसणाऱ्या मुकेशदादाने ती तयार करून ठेवली होती आणि जाताना तिच्या हवाली केली होती. त्या फाईलच्या नावात शेवटी 'क्लीन' असा शब्द होता. तो शब्द वाचून आजवर तिला नेहमी बरेच वाटले होते.

तिने लॅपटॉप उघडला. मूळ, कोणीही हात न लावलेल्या खोट्या टकरी विद्यापीठाच्या संगणकावर होत्या. त्या सगळ्या आता तपासणे शक्य नव्हते, पण एक लहानसा भाग तपासता आला असता. तिने काम लावले आणि लाईन गेली. कूलरची घरघर थांबली, घरात जूनमधली ती कोरडी, दाबून बसणारी उष्णता पसरली. राऊटर बंद पडला. मोबाईलची रेंज फक्त मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली मिळे. ती लॅपटॉप घेऊन तिथे गेली आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसली. पडद्यावरची रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. बॅटरी निम्म्यावर आली होती. ती मनात म्हणत होती की काही निघू नये, आणि त्याच वेळी तिला हेही कळत होते की असे म्हणणाऱ्या माणसाने मोजायला बसू नये.

आकडे आले. वेगवान लॅम्डांच्या बाबतीत दोन्ही फाईली जवळजवळ सारख्या होत्या. मंद लॅम्डांच्या बाबतीत मूळ फाईलमध्ये घातलेले कण कितीतरी अधिक होते. ते स्वच्छ फाईलमध्ये नव्हतेच. जिथे खळगा होता, नेमके तिथेच ते गहाळ होते. त्यामुळे सापडण्याचे प्रमाण खोटेच मोठे दिसत होते आणि खऱ्या टकरींतले न सापडलेले कमी धरले जात होते.

तिने मुकेशला फोन लावला. तो आता पुण्यात एका कंपनीत होता.

"ती फाईल? अगं, फार मोठी होत होती," तो सहज म्हणाला. "मंद कणांचे तुकडे चुंबकात वळून जातात, यंत्राच्या पुरेशा थरांपर्यंत पोचतच नाहीत. ते कधी सापडणारच नाहीत, तर कशाला वाहायचे? काढून टाकले. मला चालत होतं, मी दुसरंच मोजत होतो." मग त्याने सावकाश विचारले, "अंजू, तू सापडण्याचं प्रमाण त्याच्यावरून काढलंस?"

"हो."

"मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं, दादा."

फोन ठेवल्यावर तिने तोंडावर पाणी मारले. टाकीतले पाणीही गरम झाले होते. मग तिने चंद्रभान सरांना फोन केला आणि सारे क्रमाने सांगितले. सरांनी मध्ये एकदाही तोडले नाही. पूर्ण ऐकून ते म्हणाले, "तू एक लहान तुकडा तपासलास."

"हो, सर."

"लहान तुकड्यावरून आपण काही म्हणत नाही. हे मीच तुला शिकवलं."

"हो, सर."

"मग आज मंजुरी घेऊन टाकू. परिषदेला अवकाश आहे. तू पूर्ण तपास कर. निघालीच चूक, तर तेव्हा आकृती बदलू. आज थांबवलंस तर त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव जाईल आणि मग तुझा निकाल बरोबर निघाला तरी ती जागा परत मिळणार नाही. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय. पण मला आता माहीत आहे, सर."

"माहीत नाही. शंका आहे. या दोन्हींत फरक असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर तिला सोपे गेले असते. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, अंजू. असं काही एकदा तरी आपल्या खोलीतून निघावं, एवढंच मला हवं होतं. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. तू ठरव. पण त्या आलेखावर आपली दोघांची नावं आहेत, हे ध्यानात ठेवून ठरव."

ती घरात आली, तेव्हा पुंडलिकराव परतले होते आणि छपरीतल्या खाटेवर बसले होते. देवकाबाईंनी त्यांना सांगून टाकले होते, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होते.

"तिकून येऊन पानी पेलो नाई तं हे ऐकवलं," ते म्हणाले. "आता नत्थूजीले काय सांगू? बायकोनं दाने निवडले म्हून? सारं अल्लीपूर हासन."

"हासले तं हासले," देवकाबाई म्हणाल्या. "मायं चुकलं, मले हासतीन. पन त्याच्या लेकीचं वावर विरळ निघालं तं?"

"तुले कोनं सांगतलं विरळ निघन म्हून? चांगलंबी निघन."

"मंग तुमी गोणपाट कायले भिजवलं होतं?"

दुपट्ट्याने मान पुसत पुंडलिकराव म्हणाले, "पाहू सांजच्याला." आणि सांजच्या गाडीनेच कट्टा सेलूला जाणार होता, हे तिघांनाही ठाऊक होते.

सुनावणीची वेळ झाली तरी लाईन आली नाही. अंजू पुन्हा कडुनिंबाखाली जाऊन बसली, मोबाईल जोडला, कानात इअरफोन घातले. पडद्यावर चौकटी उमटत गेल्या. निरनिराळ्या देशांतली माणसे, कोणाच्या मागे पुस्तके, कोणाच्या मागे बर्फाचे डोंगर. एका कोपऱ्यात चंद्रभान सर. सदरा इस्त्रीचा होता, आणि ते सरळ पुढे पाहत होते. बॅटरीचा आकडा लाल झाला होता. अंजूला वाटले, आता ती संपली तर? तर तिला काहीच करावे लागणार नव्हते. तिची पाने गटाकडे आधीच पोचली होती; कोणीतरी तिच्या वतीने दाखवली असती, आणि सर हो म्हणाले असते.

बॅटरी संपली नाही. तिचे नाव पुकारले गेले.

तिने पहिले पान दाखवले. गटाचे नाव, तिचे नाव, सरांचे नाव. दुसऱ्या पानावर तो आलेख होता. तिने तो उघडला आणि पहिले वाक्य तिला दोनदा सुरू करावे लागले. इंग्रजीत, एकेक शब्द तोलून ती म्हणाली, की या आलेखाला आज मंजुरी देऊ नये. सापडण्याचे प्रमाण ज्या फाईलवरून काढले, त्या फाईलमधून न सापडणारे कण आधीच काढून टाकलेले होते. हे आजच, एका लहान भागावर तपासून, लक्षात आले. ती फाईल तपासून घेण्याची जबाबदारी तिची होती.

पानांत एक कोकीळ ओरडत होती आणि तो आवाज तिकडेही जात असणार, असे तिला उगाच वाटून गेले. मग अध्यक्षबाईंनी विचारले, "दुरुस्ती कोणत्या दिशेने जाईल?"

"वर."

"म्हणजे खळगा भरेल?"

"बहुतेक पूर्ण," अंजू म्हणाली. तिने सरांच्या चौकटीकडे पाहिले. ती काळी झालेली होती. त्यांनी कॅमेरा बंद केला होता.

"तर आज मंजुरी नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "परिषदेतली जागा आपण दुसऱ्या विषयाला देऊ. वेळेवर सांगितल्याबद्दल आभारी आहोत." आणि पुढचे नाव पुकारले गेले. दोन वर्षांचे काम एवढ्या अवकाशात आटोपले होते.

ती छपरीत आली. पुंडलिकराव अजून खाटेवरच होते. मागच्या दारातून तिचा आवाज त्यांना ऐकू येत होता. शब्द परके असले तरी लेकीचा आवाज कुठे अडखळला ते त्यांना कळले होते.

"झालं का?"

"नाई झालं. मीच थांबवलं."

"काऊन?"

"मायावालं बियानंबी निवडलेलंच निघालं, बाबा."

फाईल, यंत्र, चुंबक यांतले काही पुंडलिकरावांना कळण्यासारखे नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही. "मंग आता? ते फारेनचं?"

"ते गेलं."

ते उठले. दुपट्टा त्यांनी डोक्याला गुंडाळला, कोनाड्यातली किल्ली घेतली.

"आता या उन्हात कुठी चालले?" देवकाबाईंनी विचारले.

"नत्थूजीकडे. कट्टा गाडीत चढाच्या आधी."

ते परत आले, तेव्हा दोन्ही कट्टे मोटारसायकलवर होते. नत्थूजी काय म्हणाले, हे त्यांनी सांगितले नाही. ते दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी स्वतःच येऊन सांगितले. "म्या म्हनलं, पुंडलिकराव, बियानं वापस नेनारा शेतकरी म्या पहिल्यांदा पायला. वहिनी, आता माया घरचे दानेबी तुमीच निवडून द्या, उगवन तरी पायाले भेटन." देवकाबाईंनी त्यांना चहा दिला आणि साखर कमी घातली.

गोणपाट नव्याने भिजले. या वेळी देवकाबाईंनी भिंतीकडे तोंड करून पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मिळेल ती मूठ बाहेर काढली. मांडताना मात्र एका काळपट, सुरकुतलेल्या दाण्यापाशी त्यांची बोटे अडली.

"हा तं मेलेलाच हाये, अंजू."

"मांड."

"डोळ्याले दिसते तरी मांडू?"

"मांड, आई."

त्यांनी तो दाणा ओळीत ठेवला. पण किंचित बाजूला, इतरांना त्याचा संसर्ग नको अशा बेताने.

वळकटी सावलीत पडून होती, त्या दिवसांत अंजूने मूळ टकरींची पूर्ण मोजणी विद्यापीठाच्या संगणकावर लावून दिली. चंद्रभान सरांचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. लाईन येई-जाई, कूलर घरघरे-थांबे, आणि ती जेवताना, पाणी भरताना मोबाईल उलटा ठेवी. अखेर आलेख आला. खळगा नव्हता. पूर्वीच्या सगळ्या प्रयोगांनी जी सरळ रेषा काढली होती, त्याच रेषेवर तिचे ठिपके येऊन बसले होते, नीट, शिस्तीत. तिने चूक पकडली होती याचा आनंद तिने शोधून पाहिला. तो तिला सापडला नाही. तिला त्या खळग्याची आठवण येत होती, घरातले कोणी गेल्यावर यावी तशी.

कडुनिंबाखाली जाऊन तिने आलेख सरांना पाठवला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"भरला?" त्यांनी विचारले.

"भरला, सर."

"मी त्या दिवशी कॅमेरा बंद केला," ते म्हणाले, "कारण मला माझा चेहरा कोणाला दाखवायचा नव्हता. तुझ्यावर राग नव्हता. पहिल्या दिवशी होता, नंतर नव्हता." मग नेहमीच्या स्वरात त्यांनी पुढे सांगितले, "लिहायला घे. सरळ रेषेचा निबंध फार लोक वाचत नाहीत, पण तो लिहावा लागतो. आणि मुकेशच्या फाईलबद्दल एक स्वच्छ परिच्छेद घाल, म्हणजे ती आणखी कोणी वापरणार नाही. दिवाळीनंतरचं काय, ते मी बघतो. वचन देत नाही."

"बरं, सर."

ती पुढच्या बाजूला आली. छपरीत पुंडलिकरावांनी वळकटी पुढे ओढली होती. देवकाबाई पदराने हात पुसत उंबऱ्यात उभ्या होत्या. ओळींमध्ये या वेळी कोंबांबरोबर कुजके, फुगून फाटलेले, जसेच्या तसे राहिलेले दाणेही होते. तो काळपट दाणा मात्र फुटला होता. देवकाबाईंनी तो सगळ्यांत आधी पाहिला आणि तोंडाला पदर लावला.

"दाट पेरा लागते," पुंडलिकराव म्हणाले. "कट्टे आपल्यालेच पुरनार नाई. नत्थूजीले सांगून येतो, दुसरीकडून पाहून घे म्हून." त्यांनी गोणपाट अंजूपुढे सरकवले. "तूच मोज आता. तुया कामाचं हाये."

अंजू मांडी घालून बसली आणि तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले. कोंब तिने नंतरसाठी ठेवले. आधी न फुटलेले मोजले.